कपाळ वर घे

लहानपणी मला ज्या माणसाची भीती वाटायची त्याचं घर मला माहीत होतं. दगडी जोतं, दिंडी दरवाजा, सोप्यात झोपाळा, आणि झोपाळ्यावर पांढरं धोतर नेसून पाय हलवत बसलेला तो. रविवारी दुपारी चारला दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शेजारपाजार धरून पंधरा-वीस माणसं मावायची. निळू फुले पडद्यावर आले की आई लसूण सोलायची थांबायची. "आला बघ मुडदा." पुढचे दोन तास ती त्यांना शिव्या मोजायची आणि सिनेमा संपला की म्हणायची, "काय काम करतोय पण!"

त्या मुडद्याला काय पाहिजे हे खोलीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. कुणाची तरी जमीन, कारखान्याची चेअरमनकी, नाहीतर मळ्यावर खुरपायला येणारी एखादी बाई. असली माणसं पेठेतही होती, त्यांचा आवाज फक्त इतका चांगला नव्हता. आम्हा मुलींना कुठल्या गल्लीतून जायचं, कुठल्या दुकानासमोर मान खाली घालायची, हे त्या सिनेमांनी जेवढं शिकवलं तेवढं शाळेनं शिकवलं नाही. खरे निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात वाढलेले, पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर जरा फसल्यासारखंच वाटलं.

ही सगळी प्रस्तावना अशासाठी, की २००८ साली मला पहिल्यांदा बिनपत्त्याचा खलनायक भेटला.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दादानं 'द डार्क नाइट'ची दोन तिकिटं काढली. त्याचा मित्र ऐनवेळी आला नाही म्हणून माझा नंबर लागला, नाहीतर बॅटमॅन बघायला कोण नेतंय बहिणीला. त्यातल्या खलनायकाचं, जोकरचं, काम केलेला हीथ लेजर त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा पोरगा, वय वर्षं २८, न्यूयॉर्कमध्ये औषधांचं मिश्रण जास्त होऊन गेला. सिनेमा जुलैत आला. म्हणजे जगभर माणसं रांगा लावून एका मेलेल्या माणसाला बघायला गेली होती, आणि त्यांत आम्ही दोघं.

थिएटरचं नाव सांगत नाही. त्याच्या खुर्चीच्या स्प्रिंगनं माझी नवी सलवार फाडली होती, तो राग अजून आहे. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जात होतं. बॅटमॅनचा घोगरा आवाज तर पूर्णच. पण चौकशीच्या खोलीचा प्रसंग आला तेव्हा भाषेचं काही अडलं नाही. जोकर टेबलापाशी अंधारात बसलेला. पोलीस अधिकारी गॉर्डन उठून बाहेर जातो. खोलीतले दिवे भपकन लागतात आणि बॅटमॅन त्याच्या पाठीमागंच उभा असतो. त्यानं जोकरचं डोकं टेबलावर आपटलं, आणि थिएटरची लाइट गेली.

भारनियमनाचे दिवस होते ते. जनरेटर लागायला पाच-सात मिनिटं तरी लागायची. एरवी लाइट गेली की आमच्या गावात पहिल्या सेकंदाला शिट्टी, दुसऱ्या सेकंदाला मालकाच्या आईचा उद्धार. त्या दिवशी शिट्टी आली नाही. सगळे गप बसून राहिले. आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओठ चाटल्याचा तो आवाज काढला. चप. चप. जोकर सिनेमाभर करतो तसा. थोडं हसू पिकलं, पण लोक हसले ते एकमेकांचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. मी दादाचं मनगट धरलं होतं ते जनरेटर लागल्यावर सोडलं, आणि ह्या गोष्टीवरून तो पुढं वर्षभर मला चिडवत होता.

खरी फसगत त्याच्या आधीच झाली होती. जोकरच्या तोंडाच्या दोन्ही कडा कापून शिवलेल्या आहेत. गालांवर व्रण. एका गुंडाच्या तोंडात चाकू घालून तो व्रणांची गोष्ट सांगतो: बाप दारुडा, आईवर सुरी उचलली, मग पोराकडं वळला. इंग्रजी कितीही कच्चं असलं तरी दारुड्या बापाची गोष्ट पेठेतल्या मुलीला कळायला भाषांतर लागत नाही. मला त्याची कीव आली. खरंच आली. म्हटलं, बिचारं, म्हणून असं झालंय. किल्ली सापडल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासानं श्रीमंतांच्या पार्टीत तो बॅटमॅनच्या मैत्रिणीचं, रेचलचं तोंड धरतो आणि तीच गोष्ट पुन्हा सांगतो, फक्त आता बाप नाही, बायको आहे. तिचा चेहरा सावकारांच्या माणसांनी कापला, तिला बरं वाटावं म्हणून ह्यानं स्वतःच्या तोंडात ब्लेड घातलं. तितक्याच कळवळ्यानं. तितक्याच ओल्या आवाजात. शेवटी बॅटमॅनलाही तो तिसरी गोष्ट सांगायला निघतो, पण ती राहून जाते.

म्हणजे माझी कीव त्यानं वापरून घेतली होती. गावात एखादा माणूस वाईट निघाला की पारावर त्याचा इतिहास निघतोच. त्याचा बा तसलाच होता, सावत्र आईनं छळला, वाटणीत भावानं फसवला. इतिहास निघाला की माणूस आटोक्यात आल्यासारखा वाटतो. ह्या गड्यानं पारच उखडून टाकला. त्याला नाव नाही. पोलीस त्याला पकडतात तेव्हा बोटांचे ठसे जुळत नाहीत, कपड्यांना कंपनीचं लेबल नाही, खिशात सुऱ्या आणि कापडाचे तंतू.

आता मी सहकारी बँकेत कर्जवसुलीला आहे. दिवसभर गोष्टी ऐकणं हेच माझं काम. एका गृहस्थांचे सात हप्ते थकले होते. मला त्यांनी कारण सांगितलं आईच्या ऑपरेशनचं. साहेबांना सांगितलं, कारखान्यानं उसाचं बिल अडकवलंय. आमच्या शिपायाला सांगितलं, पोरीचं लग्न काढलंय. तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी. दुपारच्या चहाला आम्ही तिघांनी ताळा केला तेव्हा शिपाई म्हणाला, "मॅडम, तिन्ही खरं असंल तर?" मला एकदम थिएटर आठवलं. पण चौकशीला घरी गेलो तर घर होतं, दारात मोटारसायकल होती, माणूस ओशाळून चहा ठेवायला सांगत होता. त्याला पैसे बुडवायचे होते. पैसे हवे असलेल्या माणसाशी बोलता येतं, तडजोड होते, सेटलमेंटचा फॉर्म असतो. जोकर काय करतो? गुंडांची अख्खी रोकड, घराएवढा ढीग, वर त्यांचा हिशेबनीस बांधून बसवलेला, आणि पेटवून देतो. त्या वेळी आमच्या थिएटरात "आयाया" असा जो सामुदायिक आवाज निघाला तो एवढी माणसं मेली तेव्हा निघाला नव्हता. आमचा बाजारपेठेचा गाव आहे शेवटी.

हे सगळं मला उशिरा सुचलेलं शहाणपण. सिनेमा बघायला मला शिकवलं ते मामांनी, आणि तेही इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना.

माझे थोरले मामा सत्तरच्या दशकात जयप्रभा स्टुडिओत रंगभूषेच्या खात्यात मदतनीस होते. मदतनीस म्हणजे दाढ्या चिकटवणं, मिशा धुणं, घामानं उतरलेला पॅनकेक मेकप दोन शॉटच्या मधे पुन्हा थापणं. नाव पडद्यावर कधी आलं नाही. पुढं ग्रामीण सिनेमाची लाट ओसरल्यावर गणपतीतली नाटकं, शाळांची गॅदरिंगं, लग्नात नवरीचा मेकप, असं मिळेल ते. त्यांची पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर असायची. उघडली की स्पिरिट गमचा, म्हणजे दाढ्यामिशा चिकटवायच्या डिंकाचा वास घरभर. पेटीच्या झाकणाला आतून आरसा, त्याचा एक कोपरा तडकलेला.

२००९ च्या फेब्रुवारीत लेजरला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर जाहीर झालं. मंचावर त्याचे आई, वडील आणि बहीण गेली. ती बातमी बघून दादानं डीव्हीडी आणली आणि मामा नेमके मुक्कामाला होते. आई म्हणाली, "मी न्हाई बघत बसणार असलं, मी आत जातो," आणि दारात उभी राहून सगळा बघितला. मामांनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आवाज बंद कर रं. बडबडीनं चेहरा दिसंना झालाय."

आवाज बंद केला. एका अर्थी फार मोठं नुकसान, कारण जोकर येतो तेव्हा चेलोवर एकच सूर असा ताणत नेलाय की तंबोऱ्याची तार कुणी पिळतच चाललंय आणि तुटत नाही, असं वाटतं. पण मामा पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "कपाळ वर घेऊन रंग लावलाय त्याला."

मला कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या भुवया वर खेचल्या. कपाळावर चार आडव्या आठ्या पडल्या. त्यांवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं, जसा सफेदा लावतोय. "हितं रंग वरच्या वर बसतो. खाचंत जात न्हाई. आता सोडायचं." भुवया खाली आल्या. "बघ. आठी मिटली, पर रंगात भेग ऱ्हायली. माणूस हालला की ती भेग उघडती, मिटती. ब्रशनं रेघ काढली तर ती मेलेली दिसती. ही जिती हाय." मग जरा थांबून, "आन् तोंडाला लाल लावलंय ते ब्रशनं न्हाई. बोटानं. आन् सकाळचं न्हाई, काल लावलेलं हाय. त्यातच झोपलाय."

ही गोष्ट मी पुढं दोन-तीन वर्षांनी वाचली. रंगभूषाकार जॉन कॅग्लिओन लेजरला चेहरा आवळायला, कपाळ वर घ्यायला सांगायचा, वरून पांढरा रंग फिरवायचा आणि मग चेहरा सैल सोडायला लावायचा. त्याच्याही आधी लेजरनं स्वतःच स्वतःचं तोंड रंगवून बघितलं होतं, कारण हा माणूस आपला रंग आपणच लावत असणार असं त्याचं म्हणणं. हे मामांना वाचून दाखवलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "मग? दुसरं कसं करणार?"

जीभ ओठांवरून फिरवण्याचंही त्यांनी त्याच रात्री सांगून टाकलं होतं. "गालाला चिकटवलेलं सुटतंय त्याचं. वलं लागलं की सुटतंच. पयल्यांदा त्यापायी जीभ फिरवली असंल. मग कळलं असंल, हे बरं दिसतंय." त्याच्यासोबत काम केलेल्यांनी पुढं हेच सांगितलं. चिकटवलेल्या व्रणांची अडचण आणि तिची झालेली लकब. मी मात्र थिएटरात त्याच लकबीनं दादाचं मनगट धरलं होतं.

मामांनी रिमोट घेऊन एकच प्रसंग तीनदा मागं घ्यायला लावला. पोलिसांच्या मानवंदनेची रांग आहे, गणवेश, बंदुका, आणि त्या रांगेत जोकर उभा आहे, तोंडाला रंग न लावता. दोन-चार सेकंदच दिसतो. व्रण आहेत, पण बाकी चेहरा तुमच्या-आमच्यासारखा. पटकन ओळखूही येत नाही. १९८९ च्या बॅटमॅनमध्ये जॅक निकल्सनचा जोकर रसायनाच्या हौदात पडून कायमचा पांढरा झाला होता. त्याला रंग उतरवायची सोयच नव्हती. हा रंग उतरवून रांगेत उभा राहू शकतो. मामा म्हणाले, "हितं जास्त भ्या वाटतंय." मग, काही संबंध नसल्यासारखं: "अट्ठेचाळीसला जयप्रभा जाळली तवा कुणी तोंडाला रंग लावला नव्हता. बा सांगायचा. जाळून लोक आपापल्या घरी जेवाय गेलं."

गांधीजींच्या हत्येनंतरची ती दंगल. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ आणि त्यातली निगेटिव्ह जळून गेली होती. भालजींनी पुन्हा उभं केलं सगळं. मामा चार वर्षांचे होते तेव्हा. त्यांच्या सांगण्यात राग नव्हता. कुणी लावली हे माहीत होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "म्हाईत असंल की. गावातलंच होतं." आई आत निघून गेली. दादानं सिनेमा पुढं सुरू केला.

आमच्या गावाला खलनायकाचं भय नवं नाही, हे जाता जाता. बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला तो १९२० साली, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. आज खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे आणि त्याला वळसा घालून रिक्षा जातात. विशेष म्हणजे जोकरचं मूळही त्याच मूकपटांच्या दुनियेतलं आहे. १९२८ च्या एका मूकपटात कॉनराड व्हाइट या जर्मन नटानं केलेल्या पात्राचं तोंड कायमचं हसरं कापलेलं होतं. त्या चेहऱ्यावरून १९४० साली कॉमिकमधला जोकर काढला गेला. मामांनी आवाज बंद करायला लावला त्यात काहीतरी तथ्य होतं म्हणायचं.

आता त्या एका गोष्टीबद्दल, जी ऐकली की माझं डोकं फिरतं. जोकरच्या भूमिकेनं हीथ लेजरला खाल्लं. भूमिका अंगात शिरली आणि बाहेर निघेना, म्हणून तो गेला. कॉलेजच्या कट्ट्यावर हे मी शंभरदा ऐकलं, आणि ऐकताना अंगावर काटा यायचा हेही खरं. त्यानं हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं, आवाज शोधत होता, जोकरची म्हणून एक वही ठेवली होती, हे सगळं खरं आहे. पण बहिणीनं पुढं स्पष्ट सांगितलं की ह्या भूमिकेत त्याला मजा आली होती. ज्यांनी सोबत काम केलं ते सांगतात की शॉट संपला की तो हसत-खेळत असायचा. लोकांना ते नको असतं. इतकं भयंकर काम फुकट मिळतं यावर विश्वास बसत नाही, कुणीतरी किंमत मोजलेली दिसली पाहिजे.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते पेटीतले डबे पुसत होते. त्यांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. "अंगात आलेलं बघितलायस न्हवं? जोतिबाला, सौंदत्तीला? अंगात आलं की त्या माणसाला समोरचा दिवा दिसत न्हाई. कुठं हुबा ऱ्हायचं ती खूण दिसत न्हाई. हितं खडूनं जमिनीवर फुली मारलेली असती, एक वीत हिकडं-तिकडं झालं की फोकस गेला. ह्या गड्याचा एकबी शॉट फोकसच्या भायेर न्हाई. अंगात-बिंगात काय न्हाई आलेलं. शुद्धीत हाय त्यो."

मी त्यांना मग मायकेल केनची गोष्ट सांगितली. बॅटमॅनच्या म्हाताऱ्या नोकराचं काम करणारा कसलेला नट. लिफ्टचं दार उघडून जोकर आला, आणि केन आपलं वाक्यच विसरला. मामांनी डबा खाली ठेवला. "बघ. विसरला त्यो म्हातारा. ह्यो न्हाई."

हॉस्पिटलचा प्रसंगही तसाच. नर्सचा झगा घालून जोकर बाहेर येतो, मागं स्फोट होत राहतात, मधेच थांबतात. तो हातातला रिमोट झटकतो, बटणं दाबतो, खेळणं बिघडलेल्या पोरासारखा, आणि मग सगळी इमारत जाते. स्फोट खरोखर अडकले आणि लेजरनं वेळ मारून नेली, अशी कहाणी फिरते. तसं नव्हतं. ती शिकागोतली गोळ्या-चॉकलेटची बंद पडलेली फॅक्टरी होती, ती खरंच पाडायची होती आणि पुन्हा पाडता येणार नव्हती. थांबणं आधी आखलेलं होतं, तालीम झालेली होती. मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. मागं इमारत कोसळतेय, आणि एक माणूस मोजलेली पावलं टाकत, गोंधळल्यासारखं करत चालला आहे.

सिनेमात जोकर हरतो तो एकाच ठिकाणी, आणि तिथंही मला शंका आहे. रात्रीची वेळ. दोन बोटी, एकीत नागरिक, एकीत कैदी. दोन्हींत स्फोटकं आणि प्रत्येकीकडं दुसरीचं बटण. मध्यरात्रीपर्यंत जी बोट दुसरीला उडवेल ती वाचेल, नाहीतर दोन्ही जातील. सगळ्यांना आठवतो तो दांडगा कैदी, जो अधिकाऱ्याच्या हातातून बटण घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. माणुसकी जिंकली म्हणून लोक डोळे पुसतात. पण नागरिकांच्या बोटीवर काय झालं ते बहुतेक विसरतात. तिथं मतदान झालं, चिठ्ठ्यांवर. उडवू नका, १४०. उडवा, ३९६. उडवा म्हणणारे जिंकले. फक्त बटण दाबायला हात कुणाचा उठेना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मला हा आकडा आठवला. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीपाशी महामार्ग बुडाला, शहराचा संपर्क तुटला, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. चिखली-आंबेवाडीची माणसं बोटींतून काढत होते. तालमींची पोरं ट्यूब घेऊन छातीभर पाण्यात, कुणाची म्हातारी पाठीवर, कुणाची शेळी. प्रत्येक मंगल कार्यालयात खिचडी शिजत होती. हे सगळं खरं आहे, मी बघितलंय, आणि त्यावर आमच्या गावानं पुष्कळ अभिमान मिरवून घेतलाय.

मी काय केलं ते सांगते. आमचं घर पाण्यापासून लांब, चढावर. दुसऱ्या दिवशी दूध येईना होईल अशी कुणकुण लागली तेव्हा पहाटे पाचला जाऊन सहा पिशव्या आणल्या. रांगेत माझ्या मागं वीस माणसं होती. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी वर आली, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. "ताई, एखादी पिशवी असंल तर." फ्रिजमध्ये सहा होत्या. मी एक दिली आणि म्हटलं, "दोनच होत्या गं." तिनं मला पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत, आणि न घेतल्याचं मला त्या वेळी बरंसुद्धा वाटलं. फ्रिजचं दार मी ती जिना उतरेपर्यंत उघडलं नाही. त्या पिशव्यांतल्या दोन पुढं नासल्या.

३९६ जणांच्या चिठ्ठ्यांत एक माझी होती, एवढंच.

मागच्या वर्षी मुलाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. तो सात वर्षांचा. मी म्हटलं मावळा हो, शेतकरी हो, झाडं लावा म्हणणारं झाड हो. त्याला जोकर व्हायचं होतं. सिनेमा त्यानं बघितलेला नाही, मी दाखवणारही नाही एवढ्यात. पण टी-शर्टवर, वहीच्या स्टिकरवर, मोबाइलच्या तुकड्यांत तो चेहरा त्यानं बघितलाय. हा माणूस वाईट आहे, असं मी सांगितलं. "माहितेय," म्हणाला. "म्हणून तर."

मामा आता ऐंशीचे. हात थरथरतात, बशीतला चहा सांडतो. पण पेटी उघडली आणि बोटं जरा स्थिर झाली, किंवा मला तसं वाटलं. स्पिरिट गमचा वास आता येत नाही, बाटली कधीच वाळली. तडकलेल्या आरशासमोर त्यांनी पोराला पाटावर बसवलं, माझी जुनी ओढणी गळ्याभोवती गुंडाळली, अंगठ्यानं हनुवटी वर केली.

"कपाळ वर घे."

पोरानं भुवया उचलल्या. कोवळ्या कपाळावर आठ्या पडेनात. मामांनी पुन्हा सांगितलं, लई वर, लई. मग दोन बारीकशा पडल्या. त्यांवरून त्यांनी बोटानं पांढरा फिरवला, मग डोळ्यांभोवती काजळाचं काळं, तेही बोटानंच, कडा मुद्दाम विस्कटून. आई दारात उभी होती. म्हणाली, "आला बघ मुडदा," आणि हसली.

लाल रंगाची डबी पेटीत सापडेना. मामा एकेक डबी उघडून डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले. पोरगं कपाळ तसंच वर धरून बसलेलं. सोड म्हणायचं मामांच्या लक्षातून गेलं होतं.

"आई, सोडू का?"

मी काही बोलायच्या आत त्यानं आरशात बघून जीभ ओठांवरून फिरवली. डावीकडून उजवीकडं, हळू. ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.